एका चंद्राचे चार चंद्र: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या टपालात केरॅटोकोनसबद्दलची, म्हणजे डोळ्याच्या पुढचं पारदर्शक पटल शंकूसारखं पुढे येण्याच्या आजाराबद्दलची, पत्रं इतकी आहेत की सगळं सदर त्यालाच दिलं आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कॉन्टॅक्ट लेन्स बसवण्याचं काम करते. मला स्वतःलाही कॉलेजात असल्यापासून दोन्ही डोळ्यांना केरॅटोकोनस आहे, डाव्याला जास्त. लेन्स काढली की पौर्णिमेला मला चार चंद्र दिसतात, एकाखाली एक ओघळत गेलेले. त्यामुळे खालची काही उत्तरं माझ्या अभ्यासातली आहेत आणि काही माझ्या स्वयंपाकघरातली, एसटी स्टँडवरची. औषध आणि शस्त्रक्रियेचा निर्णय अर्थातच तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

प्रश्न: ताई, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. केरॅटोकोनस असल्याचं मागच्या वर्षी कळलं. चष्म्याने फारसा फरक पडत नाही आणि लेन्स अजून घेतलेली नाही. फळ्यावरचं वाचायला मी मूठ वळून बोटांच्या बारीक फटीतून बघतो, आणि खरंच स्वच्छ दिसतं. मित्र 'दुर्बीण' म्हणून चिडवतात. असं बघून डोळे बिघडतात का? आणखी काय करता येईल?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: अजिबात बिघडत नाहीत. तू जे करतोस तेच आम्ही दवाखान्यात रोज करतो. मुठीच्या जागी आमच्याकडे काळी चकती असते आणि तिला एक ते दीड मिलिमीटरचं भोक असतं.

ते का चालतं ते समजून घे, म्हणजे बाकीच्या युक्त्या तुला आपोआप सुचतील. कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचं पारदर्शक पटल, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. केरॅटोकोनसमध्ये ते आणखी पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं, बहुतेकांचं मध्याच्या जरा खाली. पोचे आलेल्या स्टीलच्या ताटात आपला चेहरा बघ: एका भागात एक नाक, दुसऱ्या भागात दुसरं. तुझ्या कॉर्नियाचा प्रत्येक भाग प्रकाश असाच वेगवेगळ्या जागी टाकतो, म्हणून एका अक्षराच्या तीन-चार सावल्या दिसतात. बारीक भोक लावलं की कॉर्नियाच्या एकाच लहानशा भागातून प्रकाश आत जातो आणि एकच प्रतिमा उरते. चष्म्याची काच सगळीकडे गुळगुळीत, ठरावीक आकाराची असते, तिला हा ओबडधोबडपणा भरून काढता येत नाही. तुझ्या चष्म्याने फरक पडत नाही तो यामुळे.

या भोकातून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती आशेची आहे. भोकातून स्वच्छ दिसतं म्हणजे आतला पडदा आणि नस ठीक असण्याची शक्यता खूप आहे. भोकातून जितक्या ओळी वाचता येतात, साधारण तितक्या तरी कडक लेन्सने वाचता येतील अशी अपेक्षा आम्ही धरतो. तुझी मूठ हे लेन्स लवकर करून घेण्याचं चांगलं कारण आहे.

तोपर्यंत एक कार्ड करून खिशात ठेव. वहीचा काळा पुठ्ठा घे, दाभणाच्या टोकाने भोक पाड आणि कडेचे तंतू काढून टाक. कार्ड डोळ्याच्या अगदी जवळ धर. मुठीपेक्षा हात कमी दुखतो आणि भोकाचा आकार बदलत नाही. बसल्या जागी वापर. चालताना, जिना उतरताना, गाडीवर मुळीच नाही, कारण आजूबाजूचं काहीच दिसत नाही आणि उजेडही कमी होतो. 'डोळे बरे करणारे' म्हणून भोकाभोकांचे चष्मे विकतात. त्यातून दिसतं ते याच कारणाने. आजार त्याने तसूभरही हलत नाही, त्यासाठी पैसे घालवू नकोस.

आता उजेड. भरपूर उजेडात बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, अंधारात सहा-सात मिलिमीटरपर्यंत पसरते. म्हणजे चांगला उजेड हे तुला निसर्गाने दिलेलं बारीक भोकच आहे. वर्गात ट्यूबलाइट लावायला सरांना सांग. अभ्यासाला दिवा डाव्या खांद्याच्या मागून घे, उजेड पानावर पडावा, डोळ्यांत नको. अंधाऱ्या खोलीत मोबाइल किंवा टीव्ही बघू नकोस, खोलीतला दिवा चालू ठेव.

काळ्या फळ्यावरची पांढरी अक्षरं आपल्याला जास्त छळतात, कारण काळ्यावर प्रत्येक पांढऱ्या रेघेची सावली उजळ उठून दिसते. मोबाइलच्या डार्क मोडचंही तेच. बहुतेकांना फिकट पार्श्वभूमीवर काळी, जाड अक्षरं सोपी जातात. काहींना मात्र पांढऱ्या पडद्याचा झगझगाट सोसत नाही. त्यांनी पडद्याचा रंग किंचित पिवळसर करून बघावा. तू दोन्ही करून बघ आणि तुझ्या डोळ्यांना पटेल ते ठेव.

देवनागरीचा एक खास त्रास मी रोज अनुभवते. माझ्या सावल्या वर-खाली पडतात, त्यामुळे एका मात्रेच्या दोन होतात आणि एका अनुस्वाराचे दोन. 'मेल' वाचायला जावं तर 'मैल' दिसतं. शिरोरेघ तर रूळ टाकल्यासारखी दुहेरी. अक्षरं मोठी केल्याने जेवढा फायदा होतो, तेवढाच दोन ओळींतलं अंतर वाढवल्याने होतो, कारण वरच्या ओळीची सावली खालच्या ओळीच्या मात्रांत मिसळत नाही. नोट्स टाइप करून घेत असशील तर ओळींत दीडपट-दुप्पट जागा सोड. छापील पुस्तकाला पर्याय म्हणजे काळ्या पुठ्ठ्याची लांबट खिडकी कापून ती एकेका ओळीवर सरकवत वाचायचं.

फळ्याचा फोटो काढून मोठा करून वाच, सरांना आधी सांगून. पहिल्या बाकावर बस. चिडवणाऱ्या मित्रांना एकदा ते कार्ड डोळ्याला लावायला दे. ज्यांना चष्मा आहे त्यांनी चष्मा काढून बघावं. त्यांनाही लांबचं अचानक स्पष्ट दिसेल आणि प्रकरण तिथेच संपेल.

आणि लेन्स बसवायला जाशील तेव्हा या सगळ्या सवयी तिथे सांग: मान कोणत्या बाजूला तिरपी करतोस, कोणता डोळा मिटतोस, सावल्या कुठल्या दिशेला पडतात. पेशंट हे सांगायला लाजतात, पण मला त्यातून खूप कळतं. कडक लेन्सच्या मागे अश्रूंचा थर साचतो, तो कॉर्नियाचे उंचसखल भाग भरून काढतो आणि प्रकाशाला पुढे एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. 1888 साली पॅरिसमध्ये यूजीन काल्त यांनी काचेच्या लेन्स वापरल्या त्या केरॅटोकोनसच्याच रुग्णांसाठी. साहित्य बदललं, तत्त्व अजून तेच आहे.

प्रश्न: माझं वय 48. केरॅटोकोनस जुना आहे, लेन्स लावते. पण संध्याकाळी लेन्स काढल्यावर स्वयंपाकघरात फार अडतं. तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत, सुईत दोरा जात नाही. घरचे म्हणतात, राहू दे, आम्ही करतो. मला ते नको आहे.
— एक गृहिणी, मिरज

उत्तर: ताई, तुम्हाला ते नको आहे हे मला फार आवडलं. स्वयंपाकघरात नजरेपेक्षा रंगातला फरक जास्त उपयोगी पडतो. तांदूळ काळ्या किंवा गडद निळ्या ताटात निवडा, उडीद आणि मटकी पांढऱ्या ताटात. स्टीलचं ताट या कामाला वाईट, ते चमकतं आणि त्या चमकेच्याच चार सावल्या होतात. निवडायचं काम शक्यतो सकाळी, लेन्स डोळ्यांत असताना, खिडकीपाशी, पाठ उजेडाकडे करून. दूध गडद कपात ओता, काळा चहा पांढऱ्यात. मीठ आणि साखरेच्या बरण्या आकारानेच वेगळ्या ठेवा, एक चौकोनी, एक गोल. गॅसच्या बटणावर 'बंद' जिथे येतं तिथे नेलपॉलिशचा जाड ठिपका द्या, वाळल्यावर बोटालाही लागतो. सुईच्या मागे पांढरा कागद धरा, दोरा गडद घ्या. आणि सुईत दोरा ओवायची ती पातळ तारेची पट्टी शिवणाच्या दुकानात मिळते, तीच घ्या, जिवाची ओढाताण नको.

मिरची आणि तेल यांचं मात्र वेळापत्रकच बांधा. सकाळी आधी लेन्स, मग मिरच्या चिरणं आणि केसांना तेल. संध्याकाळी लेन्स काढायची असते तेव्हा हिरव्या मिरच्या दुसऱ्या कुणाला चिरू द्या किंवा हातमोजा घाला. मिरचीचा तिखटपणा साबणाने दोनदा हात धुऊनही बोटांवर राहतो आणि मग लेन्स काढताना डोळ्यांतून धारा लागतात. खोबरेल लागलेल्या बोटांनी लेन्स धरली तर दिवसभर धुरकट दिसतं. हात धुवायला साधा, सुगंध आणि क्रीम नसलेला साबण ठेवा.

प्रश्न: मी कंपनीत दुसऱ्या पाळीला आहे. रात्री अकराला मोटरसायकलवरून घरी येतो. समोरच्या गाडीचा दिवा फुटून त्याचे फराटे होतात. पिवळा चष्मा घालू का? डोळे बारीक करून चालवतो तेव्हा बरं दिसतं.
— एक कामगार, चाकण

उत्तर: दादा, तुम्हाला स्पष्टच सांगते. लेन्सशिवाय रात्री गाडी चालवू नका. डोळे बारीक करणं म्हणजे पापण्यांची फट करणं. फळा वाचायला ते ठीक, पण रस्त्यावर त्याच वेळी उजेड कमी होतो, आणि बिनदिव्याची बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली त्या फटीतून निसटते. पिवळा चष्मा झगझगाट कमी झाल्यासारखा वाटायला लावतो, पण तोही उजेड खातो. रात्री नकोच.

लेन्स असताना करण्यासारखं असं: हेल्मेटची काच बदला. ओरखडे आलेल्या काचेवर प्रत्येक दिवा आणखी फुटतो, आपल्या डोळ्यांना तो दुप्पट त्रास. रंगीत काच रात्री नको. समोरून प्रखर दिवा आला की त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे नजर न्या आणि वेग कमी करा. धुळीचा एक कण कडक लेन्सखाली गेला तर चालत्या गाडीवर डोळा उघडता येत नाही, म्हणून काच खाली ओढूनच चालवा. कंपनीची बस असेल तर बस घ्या. पाळी बदलून मागता येत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मागा.

बसच्या पाट्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगून ठेवते. बसवरची दिव्यांची लाल-नारिंगी अक्षरं रात्री आपल्याला गोळा होऊन दिसतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करा. एकाच फोटोत ती अक्षरं अर्धवट येतात, कारण ते दिवे भराभर लुकलुकत असतात, म्हणून लागोपाठ तीन-चार काढा. कंडक्टरला विचारायलाही संकोच नको.

प्रश्न: माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. उन्हाळ्यात डोळे खूप खाजतात, मुठीने चोळतो. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, तो डोळ्याचा कोपरा बोटाने ताणून फळा वाचतो. डॉक्टर केरॅटोकोनसची तपासणी करा म्हणतात. हा तर दुर्मिळ आजार आहे ना?
— एक आई, अमरावती

उत्तर: तपासणी याच आठवड्यात करा. माझ्या हातात आलेल्या सगळ्या पत्रांत मला याच पत्राची सर्वांत जास्त काळजी वाटली.

दुर्मिळ म्हणाल तर आपल्याकडे तो तितकासा दुर्मिळ नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत 30 वर्षांवरच्या लोकांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. त्यात 2.3 टक्के लोकांना केरॅटोकोनस धरला गेला. त्यांनी लावलेला निकष सैल होता, फक्त कॉर्नियाची वक्रता मोजून ठरवलेला, त्यामुळे आकडा थोडा मोठा आला असेल. तरी शेकडा दोन ही काही कुठे तरी लांबची गोष्ट नव्हे.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तीन खुणा एकत्र आल्या आहेत: ॲलर्जीची खाज आणि चोळणं, भराभर बदलणारा नंबर, आणि कोपरा ताणून बघणं. कोपरा ताणणं म्हणजे त्याने स्वतः शोधलेली फट आहे. त्याला रागवू नका. पण मोठ्या माणसाची युक्ती आणि वाढत्या वयातल्या मुलाची युक्ती यांत मी फार फरक करते. माझा आजार आता थांबलेला आहे, मी युक्तीने दिवस काढला तर माझं काही जात नाही. मूल युक्तीने फळा वाचत राहिलं तर घरात कुणाला काही कळत नाही आणि तेवढ्या महिन्यांत कॉर्निया पातळ होत जातो. या वयात हा आजार झपाट्याने वाढू शकतो.

कॉर्नियाचा नकाशा काढतात, त्याला टोपोग्राफी म्हणतात. दुखत नाही, हनुवटी टेकवून दिव्याकडे बघायचं असतं. आजार आहे आणि वाढतोय असं दिसलं तर डॉक्टर सी-थ्री-आर सुचवतील. यात कॉर्नियावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे, थेंब मुरवतात आणि मग अतिनील किरण देतात. मूळ पद्धतीत किरणांची वेळ अर्धा तास असते. ही पद्धत जर्मनीत ड्रेस्डेनला विकसित झाली, माणसांवरचे तिचे पहिले निष्कर्ष 2003 साली आले. कॉर्नियातले कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि आजार बहुतेकांचा थांबतो. नजर त्याने परत येतेच असं नाही, नंतर चष्मा-लेन्स लागतेच, हे आधीच समजून घ्या म्हणजे निराशा होणार नाही. मूळ पद्धतीला कॉर्नियाची किमान 400 मायक्रॉन, म्हणजे 0.4 मिलिमीटर, जाडी लागते, म्हणून उशीर नको म्हणते.

चोळणं थांबवणं तुमच्या हातात आहे. 'चोळू नकोस' म्हणून मूल थांबत नाही, खाज थांबली तर थांबतं. ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून घ्या आणि सांगितलेत तितके दिवस घाला. दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. त्यांनी खाज झटक्यात थांबते म्हणून घरोघर ते वर्षानुवर्षं चालतात, आणि काचबिंदू नि मोतीबिंदू मागे लागतात. खाज सुटली की स्वच्छ रुमाल गार पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा, दाबायचा नाही. डॉक्टरांनी अश्रूंसारखे थेंब दिले असतील तर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवा, गार थेंबाने खाज चटकन शमते. खेळून आला की तोंड धुऊ द्या. उशीत तोंड खुपसून झोपत असेल तर कुशीवर वळवा. काजळ नको. आजीला हे सगळं समजावून सांगा, कारण घरात डोळे पुसून द्यायचं काम बहुतेकदा तिचं असतं.

त्याच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. आणि कधी एका डोळ्यात अचानक दुखून नजर धूसर झाली, बुबुळावर पांढरट डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कॉर्नियाच्या आतल्या थराला चीर जाऊन पाणी शिरलं की असं होतं.

प्रश्न: मला स्क्लेरल लेन्स दिल्या आहेत. सकाळी अप्रतिम दिसतं, पण दुपारी दोनच्या सुमारास धुकं येतं. बँकेत काउंटरला बसते, तेव्हाच नेमकी गर्दी. शिवाय लेन्स बसवताना बुडबुडा राहतो.
— एक बँक कर्मचारी, कोल्हापूर

उत्तर: हे धुकं अनेकांना येतं. स्क्लेरल लेन्स म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी कडक लेन्स, ती सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, भरून लावतात. लेन्सच्या मागच्या या पाण्यात डोळ्यातला चिकट स्राव आणि कण साचतात. उपाय म्हणजे जेवणाच्या सुट्टीत लेन्स काढायची, धुवायची आणि ताजं सलाइन भरून पुन्हा बसवायची. लेन्सच्या वाटीत भरायला परिरक्षक नसलेलं सलाइनच हवं, लेन्स बुडवून ठेवायचं सोल्युशन तिथे चालत नाही. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी लेन्सला कधीही लावू नका. त्यातल्या अकँथअमीबा या जीवाने कॉर्नियाला होणारा संसर्ग फार चिवट असतो. धुकं रोजच येत असेल तर लेन्सची कड बदलून बघता येते, लेन्स बसवणाऱ्यांना जरूर सांगा.

बुडबुडा राहतो तो बहुधा मान पुरेशी खाली न घेतल्याने. टेबलावर टॉवेल पसरा, त्यावर आरसा आडवा ठेवा, आणि चेहरा जमिनीला समांतर होईपर्यंत वाका. वाटी काठोकाठ भरा, थोडं सांडलं तरी चालेल. वरची पापणी हाडाला टेकवून धरा, आणि लेन्स धरायच्या रबरी प्लंजरच्या मधल्या भोकाकडे बघत राहा. त्या भोकाखाली छोटा टॉर्च ठेवला तर नजर स्थिर राहते. काढताना प्लंजर मधोमध लावू नका, खालच्या कडेला लावा आणि कड उचला. आणि लावण्याआधी लेन्स डोळ्यात आहे याची खात्री करा, उघड्या कॉर्नियावर प्लंजर चिकटला तर इजा होते.

काउंटरला प्लंजर, सलाइन आणि जुना चष्मा असलेली एक छोटी पेटी कायम ठेवा. नेहमीच्या ग्राहकांना सांगून टाका की मी चेहऱ्याआधी आवाज ओळखते, आल्याबरोबर नाव सांगा. मी माझ्या दवाखान्यात आणि लग्नकार्यांतही हेच सांगते, लोक आनंदाने सांगतात.

प्रश्न: केरॅटोकोनस असला की अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर: आजाराच्या नावावर मिळत नाही, नजरेच्या मोजमापावर मिळतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या आहे: चांगल्या डोळ्याची नजर, शक्य ती सर्वोत्तम सुधारणा करून, 6/18 पेक्षा जास्त नसावी (6/18 म्हणजे निरोगी नजरेला 18 मीटरवरून वाचता येतं ते 6 मीटरवरून वाचता येणं). 'सर्वोत्तम सुधारणा' यात लेन्स येते. म्हणून चष्म्याने फार कमी दिसणारे आपल्यापैकी अनेक जण लेन्स लावल्यावर या व्याख्येबाहेर जातात. तुम्हाला लेन्स सहनच होत नसेल, किंवा कॉर्नियावर डाग असून लेन्सनेही नजर सुधारत नसेल, तर तसं डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी जाताना लेन्सच्या चाचणीचे कागद बरोबर न्या.